चार हजार फूट आणि सह्याद्री

मुंबईला उतरणारे जेट विमान ३५,००० फुटांवर असेल, तर खाली येण्यासाठी त्याला सुमारे १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९५ किलोमीटर लागतात. दर हजार फुटांना तीन मैल, हा वैमानिकांचा तोंडचा हिशेब. नकाशावर मुंबईहून सरळ पूर्वेला एवढे अंतर मोजले, तर बोट अहिल्यानगरला लागून असलेल्या नागापूरच्या आसपास पडते. हवाई मार्ग असे सरळ रेषेत नसतात. तरी पूर्वेकडून येणाऱ्या विमानांच्या उतरणीखाली पारनेरचे पठार, जुन्नर-अकोल्याचे डोंगर, घाटाची धार आणि मग एकदम सखल कोकण, असाच मुलूख असतो.

उतरताना उंची मोजायची ती समुद्रसपाटीपासून. अहिल्यानगरची जमीनच सुमारे २,१०० फुटांवर आहे. अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड ४,६७० फुटांच्या आसपास आणि कळसूबाई ५,४०० फूट. म्हणून ‘चार हजार फूट’ हा आकडा ठाण्याच्या खाडीवर निर्धोक असतो. घाटमाथ्यावर मात्र त्याच उंचीवर समोर कातळ असतो. आकडा बरोबर पण जागा चुकलेली, ही उतरणीतली सर्वांत घातक गफलत आहे.

७ जुलै १९६२च्या मध्यरात्रीनंतर लगेचच तसेच घडले. सिडनीहून रोमला निघालेले अलितालियाचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. ४,००० फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी त्याला मिळाली होती. ते जुन्नरच्या डोंगरांत सुमारे ३,६०० फुटांवर आदळले आणि ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, अशी वैमानिकांची समजूत झाली आणि विमान वेळेआधी खाली आले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. उपलब्ध दिशादर्शक साधनांनी स्थान पडताळले गेले नाही, किमान सुरक्षित उंची ओलांडली गेली, आणि खालच्या मुलखाची ओळखही पुरेशी नव्हती. ऐन पावसाळ्यातल्या काळोखात डोंगर डोळ्यांना दिसेल, हा भरवसा कुणीच ठेवू नये.

साधनही फसवू शकते. उंचीमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो. वरच्या थरात सगळी विमाने तो १०१३ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावर लावतात. खाली येताना तो स्थानिक दाबावर आणावा लागतो. पावसाळ्यात मुंबईचा दाब बहुधा आठ-दहा हेक्टोपास्कलने कमी असतो. एका हेक्टोपास्कलला अठ्ठावीस-तीस फूट धरले, तर तो बदल विसरलेले विमान दिसते त्याहून अडीचशे-तीनशे फूट खाली असते. दाब लावण्याचे बटण फिरवायचे तेव्हाच नियंत्रकाचा नवा आदेश येतो, धावपट्टी बदलते, केबिनमधून निरोप येतो. विसर पडतो तो अशा गर्दीत.

११ सप्टेंबर १९७४ला अमेरिकेतील शार्लटजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे डीसी-९ धुक्यात धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. उतरताना कॉकपिटमध्ये राजकारण आणि जुन्या मोटारींवर गप्पा चालू होत्या, उंचीचे भान सुटले होते. त्यातून १९८१मध्ये अमेरिकेने नियम केला: दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे वा काम बंद. इंग्रजीत त्याला ‘स्टेराइल कॉकपिट’ म्हणतात. हा नियम गप्पांवर रोष म्हणून झालेला नाही. माणसाचे लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर नीट बसते, एवढे तो मान्य करतो. ८ ऑगस्ट २०१४ला मुंबईहून ब्रुसेल्सला निघालेले जेट एअरवेजचे विमान तुर्कस्तानवर सुमारे पाच हजार फूट खाली गेले. कमांडर नियमानुसार विश्रांती घेत होता आणि सहवैमानिक टॅबलेटमध्ये गुंतली होती. ती उतरणीची वेळ नव्हती, पण धोका तोच होता.

चरखी दादरीची टक्कर याहून भीषण. १२ नोव्हेंबर १९९६ला दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक इल्युशिन-७६ला १५,००० फुटांवर थांबायचे होते. ते खाली घसरत राहिले आणि १४,००० फुटांवरच्या सौदी बोइंगवर आदळले. ३४९ जण मेले. नियंत्रकाशी बोलणाऱ्या रेडिओ ऑपरेटरपुढे स्वतःचा उंचीमापक नव्हता; आकडा ऐकणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा, अशी ती विभागणी होती. पुढे भारतात धडक टाळण्याची सूचना देणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली.

आज नियंत्रकाने दिलेली उंची वैमानिक परत उच्चारतो, ती ऑटोपायलटच्या खिडकीत भरतो आणि दोघेही वैमानिक त्या आकड्याकडे बोट दाखवून खात्री करतात. शेवटचे हजार फूट उरले की ते मोठ्याने सांगितले जाते. वरवर कंटाळवाणी वाटणारी ही पुनरुक्ती फार मोलाची आहे, कारण चूक होते तेव्हा ती दुसऱ्याच्या कानावर पडते.

जमीन जवळ आल्याची सूचना देणाऱ्या जुन्या यंत्राचा रेडिओ उंचीमापक सरळ खाली पाहत असे. उभ्या कड्यापुढे त्याचा इशारा फार उशिरा येई. १९९०च्या दशकात आलेल्या सुधारित यंत्रात जगभरच्या भूभागाचा नकाशा साठवलेला असतो आणि उपग्रहांकडून मिळालेल्या स्थानाशी तो पडताळून पुढच्या डोंगराचा इशारा आधीच मिळतो. दाब चुकीचा लावला असला, तरी उपग्रहांवरून उंची काढणारे यंत्र त्याने फसत नाही.