मासे गुदमरतात पहाटे, ऊन मिळते दुपारी

शेततळ्यातले किंवा अंगणातल्या टबातले मासे एकाएकी मेले, तर ते बहुतेक वेळा पहाटे मेलेले दिसतात. आदल्या संध्याकाळी खाद्यावर तुटून पडलेले मासे सकाळी पोट वर करून तरंगत असतात. मग पहिला संशय जातो तो शेजाऱ्यावर. पाण्यात कुणी औषध टाकले असेल, या शंकेवरून गावात वाद होतात, कधी प्रकरण पोलिसांपर्यंत जाते. पण विष घालायला कुणी आलेलेच नसते. पाण्यातला ऑक्सिजन रात्रीतून संपलेला असतो आणि मासे गुदमरून मेलेले असतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. अकोले तालुक्यातला घाटमाथा सोडला, तर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. डाळिंबासाठी, कांद्यासाठी, जनावरांसाठी पाणी साठवायचे म्हणून इथे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी उभी राहिली. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तिच्यात ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल हे सर्वांत मोठे माप होते. एवढे पाणी साठलेच आहे, तर त्यात रोहू, कटला, मृगळ सोडावेत, हा विचार ओघानेच आला. शंभर ग्रॅम रोहूतून सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय चार पैसेही सुटतात. ज्यांच्याकडे तळ्याएवढी जागा नाही, त्यांनी घरामागे सिमेंटचा हौद, ताडपत्रीची टाकी नाहीतर जुना मोठा टब वापरला. आणि या सगळ्यांना एकच युक्ती सुचते: वरून एवढे ऊन पडतेय, तर सोलरची एक प्लेट लावू आणि तिच्यावर हवेचा पंप चालवू.

युक्ती चांगली आहे. फक्त तिच्यात वेळेची एक चूक दडलेली आहे.

हिरवट पाण्यातले सूक्ष्म शेवाळ दिवसभर उन्हाच्या बळावर ऑक्सिजन तयार करते. चांगले ऊन असेल, तर दुपारी तीन-चारच्या सुमारास पाण्यात ऑक्सिजनची इतकी रेलचेल होते की, पाणी एरवी धरू शकते त्याहून जास्त ऑक्सिजन त्यात सापडतो. सूर्य मावळला की हे काम थांबते. श्वसन मात्र थांबत नाही. मासे, तळाच्या गाळातले जिवाणू आणि खुद्द ते शेवाळही रात्रभर ऑक्सिजन खात राहतात. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन संध्याकाळपासून उतरत जातो आणि उजाडण्याच्या थोडे आधी तळ गाठतो. वनस्पतींचा हा दुटप्पीपणा प्रथम नीट दाखवून दिला तो यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरने. व्हिएन्नाच्या राजघराण्याला देवी टोचणारा हा माणूस. त्याने पाने पाण्यात बुडवून ठेवली. उन्हात त्यांच्यावर बुडबुडे येत, अंधारात येत नसत. हे त्याने १७७९ मध्ये प्रसिद्ध केले. टबातल्या माशांच्या पहाटेच्या मरणाचे उत्तर त्या बुडबुड्यांत आहे.

म्हणजे सोलरची प्लेट थेट पंपाला जोडली, तर पंप नेमका तेव्हा चालतो, जेव्हा शेवाळ फुकटात तेच काम करत असते. आणि नेमका तेव्हा बंद पडतो, जेव्हा माशांना त्याची गरज असते.

या जिल्ह्यात यात एक वेगळीच गंमत आहे. शेतीला रात्रीची वीज नको, दिवसाची द्या, ही इथली जुनी मागणी. अकोले, संगमनेर, राहुरी या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी धरायला जाणे जिवावरचे झाले आहे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि तिच्या पहिल्या प्रयोगासाठी जी दोन गावे निवडली गेली, त्यांतले एक पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी होते. पिकांसाठी ही सोय योग्यच. पण त्याच शेतातल्या तळ्यातले मासे रात्रीची वीज मागतात, आणि त्यांची मागणी कोणत्याही योजनेत मावलेली नाही.

आता थोडा हिशेब. हजार लिटरचा टब घेऊ, म्हणजे गच्चीवरच्या मोठ्या काळ्या टाकीएवढे पाणी. ३० अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर एका लिटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच असल्याने हवेचा दाब कमी आणि तिथे हा आकडा ७ च्या जवळ येतो. म्हणजे संध्याकाळी टबात साधारण ७,००० मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे. रोहू-कटल्यासारख्या माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम असेल तर बरे वाटते, ३ च्या खाली ते हैराण होतात. तेव्हा वापरायला मिळतात ते ४,००० मिलिग्रॅम. कोमट पाण्यात एक किलो मासे तासाला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतात, पोट भरलेले असेल तर आणखी जास्त. टबात दोन किलो मासे असतील, तर तासाला ५०० मिलिग्रॅम धरा. शिल्लक आठ तासांत संपते. संध्याकाळी सातला सुरू झालेली रात्र पहाटे तीनलाच संकटात येते. मासे चार किलो असतील, तर अकराच्या आतच. उघड्या पृष्ठभागातून थोडा ऑक्सिजन आत येत राहतो हे खरे, पण शेवाळ आणि गाळ तेवढा किंवा त्याहून जास्त खाऊन टाकतात.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दोन्ही बाजूंनी कोंडी होते. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच उष्णतेने माशांची भूक व श्वास वाढतो. टब अर्धा जमिनीत पुरणे आणि दुपारच्या उन्हापुरते शेडनेट धरणे हे कुठल्याही पंपाआधी करायचे काम आहे.

बॅटरी नको म्हणून आणखी एक तोडगा पुष्कळांना सुचतो. दिवसा सौरपंपाने पाणी उंचावरच्या पिंपात चढवायचे आणि रात्रभर ते बारीक धारेने टबात सोडायचे. ऐकायला छान वाटते. पण दोन मीटर उंचीवरच्या २०० लिटर पाण्यात साठलेली ऊर्जा जेमतेम १ वॉट-तास भरते. स्कूटरच्या बॅटरीएवढी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी ८४ वॉट-तास साठवते. शिवाय त्या पिंपातल्या सगळ्या पाण्यात ऑक्सिजन असतो तो १,४०० मिलिग्रॅम. दोन किलो माशांना तीन तासही न पुरणारा. आणीबाणीला हा उपाय ठीक, पण त्याच्या भरवशावर झोपू नये.

तेव्हा बॅटरी हवीच. दहा वॉटचा, थेट १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप अशा टबाला पुरतो. घरगुती विजेवरचा पंप घेऊन मध्ये इन्व्हर्टर बसवला, तर बरीचशी वीज त्या इन्व्हर्टरलाच लागते. रात्रीचे दहा तास म्हणजे १०० वॉट-तास. खरी परीक्षा मात्र ढगाळ दिवसांत होते, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. श्रावण-भाद्रपदात दोन-तीन दिवस आभाळ धरून राहिले की बॅटरी भरत नाही. त्याच ढगांमुळे शेवाळही दिवसा पुरेसा ऑक्सिजन करत नाही. म्हणजे पंपाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच पंप सर्वांत अशक्त असतो. म्हणून उन्हाळ्यातल्या उन्हावर हिशेब मांडू नये. किमान दोन रात्री पुरतील एवढी साठवण धरावी. साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर खराब होते, त्यामुळे ती ३५ ते ४० अँपिअर-तासांची लागते. लिथियमची २० ची चालते. प्लेट १०० वॉटची घ्यावी. उन्हाळ्यात ती गरजेपेक्षा मोठी वाटेल, पण ती पावसाळ्यासाठीच आहे. तिचे तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण १९ अंश, म्हणजे या भागाच्या अक्षांशाइतका. आणि कांद्याच्या शेताशेजारी प्लेट असेल, तर धूळ आठवड्याला पुसावी लागते.

टायमर लावून पंप रात्री दहा ते सकाळी सात चालवला, तर बॅटरीवरचा ताण आणखी हलका होतो. हवेची नळी जिथे पंपाला मिळते तिथे एकमार्गी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवायला विसरू नये. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि मध्येच थांबला, तर टबातले पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते.

दिवसा चालणारा, बॅटरीविना सौर एरेटर अगदीच निरुपयोगी असतो असे नाही. त्याची जागा तळ्यात आहे. तीन मीटर खोल शेततळ्यात दुपारी वरचे पाणी तापून हलके होते आणि वरच राहते. तळाचे थंड पाणी ऑक्सिजनला पारखे होते. मग एखाद्या संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासह कोसळतो, दोन्ही थर एकदम मिसळतात आणि सगळे तळेच गुदमरते. दुपारी पाणी ढवळणारे यंत्र वरचा ऑक्सिजन रोज थोडा थोडा तळाशी पोचवते. पण अशा तळ्यात रात्रभर एक अश्वशक्तीचा चाकाचा एरेटर सौर बॅटरीवर चालवायचा, तर साडेसात किलोवॉट-तासांची साठवण लागेल. तो खर्च मासे विकून निघणे अवघड, त्यापेक्षा बीज कमी सोडणे स्वस्त. ताडपत्रीच्या बायोफ्लॉक टाक्यांची गोष्ट आणखी कडक. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत या टाक्यांना अनुदान मिळू लागले. त्यांत माशांची दाटी असते आणि जिवाणूंनाही हवा लागते. पुरवठा थांबला तर रात्रीची वाटही पाहावी लागत नाही, तासाभरात मासे जातात. तिथे एकट्या सोलरवर विसंबणे धोक्याचे.

काही टबांना पंपाची गरजच नसते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग हौदांत सोडतो ते गप्पी मासे पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातून श्वास घेऊन निभावतात. डेंगीच्या डासासाठी टब उघडा असेल, तर दहा-वीस गप्पी पुरेत. त्यांना ओढ्या-नदीत मात्र सोडू नये, ते मूळचे इथले नाहीत. मरळ आणि देशी मागूर थेट हवेतून श्वास घेतात. विक्रेते मागूर म्हणून आफ्रिकन जात गळ्यात मारतात, तिच्या पालनाला देशात बंदी आहे.

पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून हवा घेताना दिसले, तर बादलीने टबातलेच पाणी उंचावरून ओतत राहावे. नळाचे क्लोरीनचे पाणी थेट सोडू नये, त्याने उरलेलेही मासे जातात. रात्रीतून मेलेले मासे खाऊ किंवा विकू नयेत. कोमट पाण्यात ते किती तास पडले होते हे कळत नाही आणि तेवढ्यात ते नासायला लागलेले असतात.

पाण्यातला ऑक्सिजन मोजण्याचे थेंबांचे किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. ते दोनदा वापरावे: दुपारी चारला आणि सूर्य उगवण्याआधी. दोन आकड्यांत फार मोठा फरक येत असेल, तर पाणी गरजेपेक्षा हिरवे झाले आहे. पाव टब पाणी बदलावे आणि खाद्य कमी करावे. पहाटेचा आकडा ३ च्या खाली असेल, तर त्या दिवशी खाद्य टाकूच नये आणि रात्री पंप दहाऐवजी आठलाच सुरू करावा.