भुंकणारे यंत्र आणि चिन्हाची विश्वसनीयता

घराच्या रक्षणासाठी कुत्रा न पाळता केवळ त्याचे भुंकणे विकत घेता येते, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी आपल्या क्षेत्राबाहेरची वाटेल. परंतु ज्या यंत्राचे सारे सामर्थ्य ऐकणाऱ्याच्या अनुमानावर अवलंबून आहे, ते चिन्हविचाराच्या कक्षेत येते असे म्हणावयास हरकत नसावी. दाराला कुलूप असले म्हणजे चोराची समजूत काहीही असो, कुलूप आपले काम करते. भुंकणाऱ्या यंत्राला मात्र चोराच्या मनात 'आत कुत्रा आहे' हे विधान उत्पन्न करावे लागते. आणि ते विधान असत्य असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने अशा यंत्रावर कितपत विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच चिन्हाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न होय.

यंत्राची रचना साधी आहे. ध्वनिमुद्रित भुंकणे, ध्वनिक्षेपक आणि हालचाल ओळखणारा संवेदक एवढेच त्याचे घटक. काही यंत्रांतील संवेदक शरीरातून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. पण साधी काचसुद्धा त्याला आंधळा करते. काहींत सूक्ष्मतरंगांचा उपयोग केलेला असतो. सुमारे १०.५ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरी लाकडी दारातून वा पातळ भिंतीतून पलीकडे जातात आणि हलत्या देहावरून परावर्तित होताना त्यांची कंप्रता किंचित बदलते. सेकंदाला एक मीटर वेगाने समोरून येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक सुमारे ७० हर्ट्झ भरतो. त्यामुळे परक्याचा हात दाराला लागण्यापूर्वीच आतून आवाज येतो. धातूचे दार मात्र ह्या लहरी अडविते.

आता चिन्हाचा विचार करू. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरातील एका घराच्या प्रवेशद्वारी साखळीने बांधलेल्या काळ्या कुत्र्याचे कुट्टिमचित्र आहे आणि त्याखाली 'कुत्र्यापासून सावध' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. चार्ल्स पर्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने केलेल्या वर्गीकरणानुसार चित्र हे सादृश्यावर आधारलेले प्रतिमाचिन्ह, तर अक्षरे रूढीवर आधारलेले संकेतचिन्ह. आपल्याकडील बंगल्यांच्या फाटकांवरच्या पाट्या ह्याच दुसऱ्या वर्गातल्या. ह्या दोहोंना प्रत्यक्ष कुत्र्याची गरज नसते, आणि पाहणाराही ते जाणतो. भुंकणे हे तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे निर्देशक चिन्ह होय. धूर जसा अग्नीपासून, तसे ते कुत्र्यापासूनच निघते. त्याचे बळ कार्यकारणसंबंधातून येते. ध्वनिमुद्रणाने हा संबंध तोडला, पण ऐकणाऱ्याच्या मनातील त्याची खूण तशीच राहू दिली.

आपल्या तर्कशास्त्राच्या परिभाषेत हे अधिक नेमके सांगता येते. बाष्पाला धूर समजून अग्नीचे अनुमान करणाऱ्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. तेथे 'जेथे धूर तेथे अग्नी' ही व्याप्ती खोटी नसते. हेतूच असिद्ध असतो. भुंकणाऱ्या यंत्राने फसलेल्या चोराची गत हीच. त्याचा नियम बरोबर असतो, फक्त त्याने ऐकले ते भुंकणे नव्हे.

पण कोणतेही भुंकणे चालेल काय? मराठीत भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे, रडणे अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत, ह्यावरून सामान्य ऐकणाराही हे भेद करतो हे उघड आहे. भुंकण्याच्या आतील भेदही त्याला कळतात. बुडापेस्ट येथील पेतेर पोंग्राट्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००५ मध्ये मुदी जातीच्या हंगेरियन कुत्र्यांचे मुद्रित भुंकणे लोकांना ऐकविले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही ते कोणत्या प्रसंगीचे आहे, हे निव्वळ योगायोगाने साधेल त्याहून चांगले ओळखता आले. त्यांच्याच २००६ च्या अभ्यासात खालच्या पट्टीतील आणि कमी विराम असलेले भुंकणे आक्रमक वाटले, तर उंच, सुरेल भुंकणे भयाचे वा अगतिकतेचे वाटले. युजीन मॉर्टन ह्यांनी १९७७ मध्ये पक्षी व सस्तन प्राण्यांच्या आवाजांविषयी मांडलेल्या नियमाशी हे जुळते. जॉन ओहाला ह्यांनी हाच विचार पुढे मानवी भाषेतील सुरावटीपर्यंत नेला.

सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅकावन ह्यांनी २००४ मध्ये दहा कुत्र्यांच्या भुंकण्याचे ध्वनिविश्लेषण केले. परक्याच्या चाहुलीने होणारे भुंकणे, एकटे कोंडल्यावरचे भुंकणे आणि खेळातले भुंकणे त्यांना वेगळे काढता आले. यंत्र घेणाऱ्याने ह्यातील मधला प्रकार विशेष ध्यानात घ्यावा. कोंडलेल्या कुत्र्याचा उंच, तुटक आवाज जर यंत्रात भरलेला असेल, तर कान असलेल्या चोराला त्यातून 'घरात माणूस नाही' एवढेच कळावयाचे. रक्षणासाठी घेतलेले यंत्रच मग आमंत्रण देऊ लागेल.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. जिवंत कुत्रा एकच भुंकणे जसेच्या तसे दुसऱ्यांदा भुंकत नाही. तो जागा बदलतो, दाराशी येतो, मध्येच गुरगुरतो. यंत्राची फीत ठरलेल्या जागी संपून पुन्हा सुरू होते. काही यंत्रांत परका जवळ येईल तसे भुंकणे वाढते. ही सुधारणा योग्य दिशेची आहे. तथापि चोर हा निष्क्रिय श्रोता नव्हे. पॉल क्रॉमवेल आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधील घरफोड्यांच्या मुलाखतींवरून १९९१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दिसते की घरात कोणी आहे की नाही हे हे लोक घंटा वाजवून, दार ठोठावून पाहतात. म्हणजे ते चिन्ह वाचून थांबत नाहीत, त्याला प्रश्न विचारतात. तिसऱ्या घंटेलाही तेच उत्तर तंतोतंत त्याच सुरात मिळाले, तर पुढचे सांगावयास नको.

शेजाऱ्यांच्या बाजूनेही धोका आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ ह्यांनी ती केनियातील अंबोसेली येथील व्हर्व्हेट माकडांत जणू प्रयोगाने पडताळली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात एकाच माकडाची मुद्रित हाक विनाकारण वारंवार ऐकविल्यावर त्याच अर्थाच्या त्याच्या दुसऱ्या हाकेकडेही कळपाने दुर्लक्ष केले. मात्र दुसऱ्या माकडाने तशी हाक दिली की ते सावध होत. अविश्वास हाकेवर नव्हे, हाक देणाऱ्यावर बसला होता. टपालवाला, दूधवाला आणि वाऱ्याने हलणारी फांदी ह्या सर्वांवर भुंकणारे यंत्र शेजारी असेच नावानिशी ओळखू लागतात. मग खऱ्या प्रसंगी त्या घराकडे कोणी मान वळवीत नाही.

अशी यंत्रे घरोघरी झाली, तर प्रकार याहून गंभीर होईल. मग हेतू असिद्ध राहणार नाही, सव्यभिचार होईल. भुंकणे आणि कुत्रा ह्यांची व्याप्तीच शिथिल होईल, आणि ज्यांच्या घरी खरा कुत्रा आहे त्यांचीही हानी होईल. भोंग्याचे तसे नसते. तो प्रारंभापासूनच संकेत आहे. कोणाचेही सोंग घेत नाही.

पुण्यामुंबईच्या गल्ल्यांत ह्यात आणखी एक गुंता आहे. रात्रभर भुंकणारी भटकी कुत्री असताना भुंकणे कोणत्याही एका घराचे राहत नाही. तेथे यंत्र अंगणात वा गॅलरीत ठेवणे व्यर्थ होय. ते दारामागे, भिंतीपासून दूर, आवाज घराच्या आतूनच येतो हे स्पष्ट होईल असे ठेवावे आणि संवेदकाची कक्षा उंबरठ्यापुरती आवळावी. दाराचा अडसर आणि हाकेला ओ देणारा शेजारी ह्यांची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.