डबा उघडल्यावरचा हिशेब

बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला, की घरात दोन मतं तयार होतात. एक म्हणतं, कारागिराकडे नेऊ. दुसरं म्हणतं, दहा वर्षं झाली त्याला. भाग सुटे करून विकू, येतील ते पैसे. दोन्ही मतं डबा न उघडताच मांडली जातात, म्हणून वाद वयावर होतो. आणि डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या बाबतीत वय हा फार कच्चा पुरावा आहे.

मुळात हा वाद होऊ शकतो, हीच या यंत्राची खासियत. मोबाइलची बॅटरी चिकटवलेली असते. अनेक नव्या लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते. डेस्कटॉप मात्र एका स्क्रूड्रायव्हरने सुटतो, कारण त्याची घडणच तशी झाली. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी बाहेरच्यांचा माल वापरला: प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आतल्या सर्किटचे नकाशेसुद्धा छापून विकले. त्यावरून इतरांनी आधी जोडकार्डं बनवली आणि मग अख्खे पीसी. पुढे १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं. मदरबोर्डाची मापं, स्क्रूच्या भोकांच्या जागा, वीजजोडणी हे सगळं त्यात ठरलं. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या चांगल्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्डही बसतो.

या सुट्या भागांचा मुंबईतला मोठा बाजार ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला आहे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात अजून लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा. नवा माल, जुना माल आणि दुरुस्ती एकाच रस्त्यावर असल्याने इथल्या कारागिराला डब्याच्या दोन किमती लगेच दिसतात: चालू झाला तर किती आणि सुटा केला तर किती.

त्याची तपासणी स्वस्तापासून महागाकडे जाते. आधी रॅम. पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसायच्या आणि एकेक पट्टी आलटून पालटून लावून बघायची. काळ्या पडद्याच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. मग बोर्डावरचा तीन व्होल्टचा बटणसेल. तो उतरला की घड्याळ मागे जातं, सेटिंग पुसली जातात आणि काही बोर्ड तिथेच अडून बसतात. त्यानंतर वीज पुरवणारा एसएमपीएस. त्याच्या मोठ्या जोडणीतली हिरवी तार काळीला जोडली की तो बोर्डाशिवाय सुरू होतो. मग मीटर लावायचा: पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३, पाच टक्के इकडेतिकडे चालतात. पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस ठीक, असं समजणाऱ्या गिऱ्हाइकाला कारागीर काही बोलत नाही, नुसता दुसरा एसएमपीएस लावून दाखवतो. हार्ड डिस्कचा संशय बहुतेकांना पहिल्यांदा येतो, पण ती गेली तरी सुरुवातीचं कंपनीचं चिन्ह पडद्यावर उमटतंच. काळ्या पडद्याचं खापर तिच्यावर सहसा फोडता येत नाही.

इथवरचा कुठलाही दोष निघाला तर फार विचार करायचा नाही, दुरुस्ती करून घ्यायची. प्रश्न उभा राहतो तो यातलं काहीच निघालं नाही तर. मग उरतो मदरबोर्ड.

मदरबोर्ड मरतो कसा, याचा एक धडा अख्ख्या उद्योगाने घेतला आहे. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य बोर्डांवर सदोष द्रावण भरलेले कॅपॅसिटर बसले. आत वायू तयार व्हायचा, वरचं सपाट टोपण फुगायचं, फुटायचं, तपकिरी चिकटा बाहेर यायचा. पुढे उत्पादक घन पॉलिमरच्या कॅपॅसिटरांकडे वळले. फुगलेले कॅपॅसिटर उघड्या डोळ्यांना दिसतात, ते बदलायला माल थोडक्यात मिळतो आणि डाख देणारा हात बरा असेल तर बोर्ड पुन्हा उभा राहतो. पण दोष चिपसेटमध्ये किंवा बोर्डाच्या आतल्या थरांत असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

या बाजाराचं एक उलटं गणित आहे. प्रोसेसर सहसा मरत नाही, मदरबोर्ड मरतो. त्यामुळे जुन्या पिढीचे प्रोसेसर ढिगाने मिळतात आणि त्यांना बसणारे चांगले बोर्ड शोधावे लागतात. २०११मध्ये आलेल्या एलजीए ११५५ सॉकेटचा प्रोसेसर पुष्कळदा त्याच्या बोर्डापेक्षा स्वस्त पडतो. हीच टंचाई ओळखून त्या काळच्या एच६१ चिपसेटचे बोर्ड काही लहान कंपन्या मूळ उत्पादन थांबल्यानंतरही नव्याने विकत आल्या. म्हणजे त्या पिढीचा बोर्ड मेला तरी लगेच हात टेकायचं कारण नाही. आधीच्या पिढीचा मेला, तर बहुधा आहे.

बोर्ड जिवंत असेल तर मात्र दुसरा प्रश्न विचारायला हवा: उद्यापासून याने काय करायचं? २०१२च्या आसपासचा चार गाभ्यांचा कोअर आय५ पत्रव्यवहार, हिशेब, शाळेचा अभ्यास आणि व्हिडिओ आजही निभावतो. त्याला मंद वाटायला लावते ती हार्ड डिस्क. फिरत्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला सुईला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा अगदी छोटा अंश. एसएसडी घातली आणि रॅम आठ जीबी केली की तेच यंत्र वेगळं वाटतं. अडचण ऑपरेटिंग सिस्टिमची आहे. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीतच नाहीत. अशा यंत्राला लिनक्सवर न्यायची तयारी असेल तर दुरुस्तीला अर्थ आहे. बँकेचे व्यवहार करायचे आणि विंडोजही सोडायची नाही, असं असेल तर नाही.

विजेचा हिशेब तर कुणी करतच नाही. इंटेलच्या जुन्या कोअर टू प्रोसेसरच्या काळातला डेस्कटॉप नुसता बसून साठ-सत्तर वॅट खातो, नव्या छोट्या पीसीला दहा-पंधरा पुरतात. पन्नास वॅटचा फरक, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १२० युनिट होतात. घरात अधूनमधून वापरायचा असेल तर हा फरक किरकोळ. दुकानात दिवसभर चालू ठेवायचा असेल तर स्वस्तातली दुरुस्ती दोन-तीन वर्षांत महाग पडते.

आता सुट्या भागांची बाजू. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या भागांची बेरीज मालकाला नेहमी मोठी दिसते. प्रत्यक्षात लवकर विकलं जातं ते ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले तेव्हा डीडीआर४च्या जुन्या पट्ट्यांनाही बरी किंमत येऊ लागली. कॅबिनेट, डीव्हीडी ड्राइव्ह, जुना कीबोर्ड यांना कुणी विचारत नाही. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेल्या आटोपशीर ब्रँडेड डब्यांची आणखी एक गोम आहे: त्यांच्या एसएमपीएसची जोडणी आणि बोर्डाचा आकार अनेकदा एटीएक्सच्या चौकटीत बसत नाही. ते भाग फक्त त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाच्या कामाचे. हार्ड डिस्क विकूच नये. फाइल पुसल्याने माहिती जात नाही. डिस्कवर वरून पूर्ण लिहावं लागतं, नाहीतर तबकडी निकामी करावी लागते.

उरलेलं भंगारात देताना जरा थांबावं. २००६मध्ये युरोपने शिशावर बंधन घालण्याआधीच्या बोर्डांवरचा डाख सर्रास शिशाचा असायचा. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत सोनं-तांबं काढण्यासाठी बोर्ड तापवले जातात, आम्लात बुडवले जातात, आणि ते विष तिथल्या माणसांच्या छातीत जातं. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार हा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जायला हवा.

काही यंत्रांना मात्र बाजारभाव लागूच होत नाही. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली, तिथल्या जिस्ट कार्डाने साध्या पीसीवर मराठीसह भारतीय लिप्या आणल्या. ते कार्ड आयएसए खाचेत बसायचं, आणि ती खाच पुढच्या बोर्डांवरून नाहीशी झाली. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचं कुलूप प्रिंटरच्या पोर्टला लावायचा डोंगल असायचा. तो पोर्टही गेला. ज्या छापखान्याची जुनी पुस्तकं तशा फॉन्टमध्ये अडकली आहेत, किंवा ज्या वर्कशॉपचं लेथ सीरियल पोर्टवरून चालतं, त्यांना पीसी बदलायचा म्हणजे सगळं कामच बदलायचं. त्यांना हवा असतो त्याच मॉडेलचा, दुसऱ्या कुणी मोडीत काढलेला डबा. त्यांची दुरुस्ती चालते ती कुणीतरी आपला कॉम्प्युटर वेळेवर सुटा केल्यामुळे.

वेळेवर, हे महत्त्वाचं. बोर्ड चालू आणि काम ठरलेलं असेल तर कॉम्प्युटर याच महिन्यात दुरुस्त करावा. बोर्ड मेला असेल तर त्याच दिवशी भाग वेगळे करावेत, कारण कॅपॅसिटर नुसता पडूनही सुकतो आणि रॅमच्या पुढच्या पिढ्या थांबून राहत नाहीत. पण आपल्याकडे सगळ्यांत लोकप्रिय आहे तिसरा पर्याय: जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकणं. पाच वर्षांनी तो खाली काढला की दुरुस्तीचा माल मिळत नाही आणि सुट्या भागांना गिऱ्हाईक नसतं. तिन्हींत तोट्याचा तोच.