पुणे मराठाज – २०१२ चा हंगाम

पुणे मराठाज हा पुणे शहराच्या नावाने खेळलेला व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ होता. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या लीगच्या २०१२ मधील पहिल्या हंगामात सहभागी झालेल्या आठ संघांपैकी तो एक होता. अंतिम सामन्यात दिल्ली डिफेंडर्सवर ६–० अशी मात करून त्याने लीगचे पहिले विजेतेपद मिळवले. हंगामातील सामने श्रीलंकेतील कोलंबो येथे झाल्यामुळे, पुण्याच्या संघाने हे विजेतेपद पुण्यात एकही सामना न खेळता मिळवले.

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल हा अमेरिकेत महाविद्यालयांच्या मैदानांवर वाढलेला खेळ आहे. रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे झालेला सामना हा या खेळातील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो. रटगर्सने तो ६–४ असा जिंकला. तो खेळ आजच्यापेक्षा बराच वेगळा होता आणि प्रत्येक बाजूस २५ खेळाडू होते. पुढे येल महाविद्यालयाचे वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकात आजच्या खेळाचे मूळ नियम ठरले. आज नॅशनल फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाणारी व्यावसायिक संघटना १९२० मध्ये, म्हणजे पहिल्या महाविद्यालयीन सामन्यानंतर ५१ वर्षांनी स्थापन झाली.

भारतात हा क्रम उलटा होता. शाळा-महाविद्यालयांत हा खेळ रुजण्यापूर्वीच २०११ मध्ये व्यावसायिक लीगची घोषणा झाली. तिच्या पाठीराख्यांत माइक डिटका, रॉन जॉवर्स्की, कर्ट वॉर्नर आणि मायकेल इर्विन हे अमेरिकेतील नामवंत माजी खेळाडू, भारतीय वंशाचे खेळाडू ब्रँडन चिलर आणि अभिनेते मार्क वॉलबर्ग यांचा समावेश होता.

सहभागी संघ

पहिल्या हंगामात भारतातील सहा आणि श्रीलंकेतील दोन संघ होते :

• पुणे मराठाज
• मुंबई ग्लॅडिएटर्स
• दिल्ली डिफेंडर्स
• हैदराबाद स्कायकिंग्ज
• बंगळूर वॉरहॉक्स
• कोलकाता वायपर्स
• कोलंबो लायन्स
• कँडी स्कायक्रेपर्स

महाराष्ट्रातून पुणे आणि मुंबई असे दोन संघ होते. देशात हा खेळ खेळून तयार झालेले खेळाडू जवळजवळ नसल्यामुळे रग्बी आणि अन्य खेळांतील खेळाडूंची निवड करून त्यांना नव्याने प्रशिक्षण देण्यात आले. अनेकांनी शिरस्त्राण आणि खांद्याचे संरक्षक कवच लीगमध्ये येऊनच प्रथम वापरले.

हंगामाचे स्वरूप

कोलंबोतील सुगथदास स्टेडियमवर सामने खेळवून त्यांचे चित्रीकरण करण्यात आले आणि ते नंतर दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आले. प्रवास, निवास आणि मैदान यांची व्यवस्था एकाच ठिकाणी करता येणे, हा अशा रचनेचा फायदा असतो. मात्र संघाच्या नावात ज्या शहराचा उल्लेख होता, तेथील प्रेक्षकांना आपला संघ प्रत्यक्ष मैदानावर पाहता आला नाही.

खेळ आणि गुणपद्धती

प्रत्येक संघाचे ११ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. मैदानाची लांबी १०० यार्ड (सुमारे ९१ मीटर) असून दोन्ही टोकांना १० यार्डांचे अंत्यक्षेत्र असते. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. अशा प्रत्येक प्रयत्नास ‘डाउन’ म्हणतात. १० यार्ड पार केल्यास पुन्हा चार प्रयत्न मिळतात, अन्यथा चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. कबड्डीतील चढाईप्रमाणे प्रत्येक डाउन हा स्वतंत्र डाव असतो, आणि चेंडूवाल्या खेळाडूला पकडून खाली पाडले की तो संपतो.

चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंत्यक्षेत्रात नेल्यास (टचडाउन) ६ गुण मिळतात. त्यानंतरच्या जादा प्रयत्नात लाथेने चेंडू खांबांमधून पार केल्यास १ आणि पुन्हा अंत्यक्षेत्र गाठल्यास २ गुण मिळतात. खेळ चालू असताना लाथेने चेंडू खांबांमधून पार केल्यास (फील्ड गोल) ३ गुण मिळतात. चेंडूवाल्या खेळाडूस त्याच्याच अंत्यक्षेत्रात पाडल्यास बचाव करणाऱ्या संघाला २ गुण मिळतात.

अंतिम सामना

‘एलिट बोल’ या नावाने खेळवलेल्या अंतिम सामन्यात पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सचा ६–० असा पराभव केला. सहा गुण म्हणजे जादा गुणाविना एक टचडाउन किंवा दोन फील्ड गोल. अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांच्या तुलनेत ही गुणसंख्या फारच कमी आहे. लांबवर चेंडू फेकणे, धावता धावता तो झेलणे आणि लाथेने नेमका मारणे ही कौशल्ये वर्षानुवर्षांच्या सरावाने येतात. पकड आणि बचाव मात्र रग्बी, कबड्डी किंवा कुस्ती खेळलेल्यांना तुलनेने लवकर आत्मसात होतात.

महत्त्व

भारतातील कबड्डीशी तुलना केल्यास या हंगामाचे वेगळेपण स्पष्ट होते. कबड्डीचे छापील नियम आणि बडोद्यातील अखिल भारतीय स्पर्धा १९२३ मधील आहेत, १९९० मध्ये या खेळाचा आशियाई क्रीडा स्पर्धांत समावेश झाला आणि प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत महाराष्ट्रात गावोगावची मंडळे, शाळा आणि विद्यापीठांचे संघ यांतून खेळाडूंच्या कित्येक पिढ्या घडल्या होत्या. अमेरिकेतही लहान महाविद्यालयांचे संघ हाच या खेळाचा रुंद पाया आहे. तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागातील महाविद्यालये क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत, तरीही त्यांचे संघ दरवर्षी हंगाम खेळतात.

अन्य खेळांतील भारतीय खेळाडूंना थोड्या काळात या खेळासाठी तयार करता येते, हे २०१२ च्या हंगामाने दाखवून दिले. मात्र खालच्या स्तरावरील संघ आणि घरच्या मैदानावरील प्रेक्षक यांच्या अभावी दरवर्षी नियमाने भरणारी स्पर्धा म्हणून प्रो कबड्डीसारखे स्थान या लीगला मिळाले नाही. पुणे मराठाजचे विजेतेपद भारतातील अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात पहिल्या व्यावसायिक हंगामाचे विजेतेपद म्हणून नोंदले गेले आहे.