विमानाच्या अंगावरील ओरखडे

जिनिंग-प्रेसच्या दाराशी उभे राहून ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याने आपल्यापुढे विमानाविषयी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही विमानात एकदाच बसलो आहोत, आणि तेही डोळे मिटून. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तिथेच अपघातांच्या चौकशीचे अहवाल वाचण्याची खोड लागली. त्यांतल्याच एका अपघाताची हकीकत आज सांगावयाची आहे.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. पुण्याजवळ हडपसरच्या केंद्रात कित्येक वर्षे ते चालविण्याचे शिक्षण दिले गेले. ते कसे उडते हे यवतमाळकरांना वेगळे समजावून सांगावयास नको. वैशाखात काळी जमीन तापली की घार पंख न हलविता घिरट्या घालीत वर वर चढते. तापलेली हवा वर जाते, तिच्यावर घार बसते. ग्लायडरही तिच्यावरच बसते.

२८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील नेवाडा प्रांतात असेच एक ग्लायडर सुमारे सोळा हजार फुटांवर वळणे घेत चढत होते. त्याच सुमारास हॉकर जातीचे एक लहान जेट विमान दोन वैमानिक आणि तीन उतारू घेऊन रीनो शहराकडे खाली उतरत होते. दोहोंची टक्कर झाली. ग्लायडरचा पंख जेटच्या नाकावर आदळला. ग्लायडरचा वैमानिक हवाई छत्रीने जमिनीवर आला. जेटचे नाक फाटले, वैमानिकापुढची उपकरणांची फळी उखडली. तशाही स्थितीत ते कार्सन सिटीच्या धावपट्टीवर चाकांवाचून, पोटावर उतरविण्यात आले. एकही माणूस दगावला नाही. जेटच्या वैमानिक बाईंच्या धैर्याचे कौतुक तेव्हा पुष्कळ झाले आणि ते रास्तच होते. आम्हाला कुतूहल आहे ते पुढच्या कामाचे. फाटलेला पत्रा समोर ठेवून त्याला बोलते कसे करावयाचे?

पहिली गोष्ट म्हणजे काही पुसावयाचे नाही. आपल्याकडे अपघात झाला की आधी पाणी मारून जागा स्वच्छ करतात. विमानाचा तपासनीस आधी छायाचित्रे घेतो, कारण एकाचा रंग दुसऱ्याच्या अंगावर कोठे लागला यावरून कोणता भाग कोठे भिडला हे कळते. मग तो ओरखड्यांचे कोन मोजतो. यात एक गंमत आहे. पाऊस अगदी सरळ पडत असला तरी भरधाव सायकलवाल्याच्या तोंडावर तो तिरपा लागतो. ओरखड्याचेही तसेच आहे. त्यात दोघांच्याही गती मिसळलेल्या असतात. हिशेबापुरते धरू की जेटचा वेग ताशी ५०० किलोमीटर, ग्लायडरचा १००, आणि दोघे एकमेकांना काटकोनात आडवे गेले. अशा वेळी जेटच्या अंगावरचा ओरखडा त्याच्या लांबीच्या रेषेशी अवघा ११ अंशांचा पडेल आणि ग्लायडरवरचा ७९ अंशांचा. दोहोंची बेरीज ९०. ती १८० मधून वजा केली की दोघांच्या दिशांमधला कोन हाती येतो, तोही ९०. साक्षीदार नसला तरी पत्रा साक्ष देतो ती अशी. मात्र हिशेबात पहिल्या स्पर्शाचेच ओरखडे धरावयाचे. त्यानंतरच्या क्षणी विमान वाकडे झालेले असते आणि पुढचे ओरखडे फसवे असतात. फाटलेले तुकडे जुळवून पाहिल्यावर ओरखडा फाटीच्या या बाजूकडून त्या बाजूला अखंड गेलेला दिसला, तर ओरखडा आधीचा आणि फाटणे नंतरचे, असे समजावे.

ही झाली घडले काय याची चौकशी. विमान पुन्हा उडवावयाचे की नाही, हा प्रश्न निराळा आणि आमच्या मते अधिक अवघड. धक्का नाकावर बसला तरी तो नाकापाशी थांबत नाही. सांगाड्याच्या फासळ्यांतून मागे जातो. म्हणून पंख जेथे धडाला जोडला आहे तेथले बोल्ट काढून पाहतात. पत्र्याला अंग टेकवून दिवा आडवा धरतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा सावलीत उमटतात. रिव्हेटभोवती रंगाला तडा गेला असेल तर ते ढिले झाल्याची शंका घेतात. भेगेचा संशय आला की तेथे लाल पातळ द्रव लावतात, तो पुसून पांढरी भुकटी फवारतात. भेगेत शिरलेला लाल रंग हळूहळू वर येऊन रेघ काढतो.

ग्लायडरची प्रकृती निराळी. त्याचा पंख कार्बनच्या धाग्यांचे थर डिंकासारख्या रसायनाने चिकटवून केलेला असतो. मार बसल्यावर वरून तो गुळगुळीत राहतो आणि आतले थर सुटलेले असतात. तेथे नाण्याने हलके ठोकून कानाने तपासतात. आपल्या आयाबहिणी माठ घेताना टिचकी मारतात ना, तसेच. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पोकळी. पुढे ध्वनिलहरींची यंत्रे आहेतच. पण सुरुवात पुष्कळदा नाण्यानेच होते. आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर, नागपूरच्या मिहानमध्ये, विमानांच्या देखभालीची मोठी कार्यशाळा २०१५ साली सुरू झाली. अशा ठिकाणी शेवटी परवानाधारक माणसाची सही लागते. ती झाल्यावाचून विमान हलत नाही.

या सहीचे मोल आम्हाला एका जिनात कळले. कापसाबरोबर लोखंडाचा तुकडा आत गेला आणि मुख्य शाफ्टला जबर हिसका बसला. मिस्त्री म्हणाला, बेअरिंग उघडून शाफ्ट पाहू. वरिष्ठ म्हणाले, फिरतो आहे ना, मग पट्टा चढवा. मिस्त्रीने नकार दिला, तर काम थांबविल्याचे आरोपपत्र त्याच्या हातात पडले. तिसऱ्या दिवशी शाफ्ट चावीच्या खाचेत तुटला, पट्टा उडाला आणि एका बाईची दोन बोटे गेली. चौकशीत पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? बाई तेथे उभी का होती!

नेवाडाच्या चौकशीतही दोष देणे सोपे होते. आपले ठिकाण इतरांना कळविणारे ट्रान्सपॉन्डर नावाचे यंत्र ग्लायडरमध्ये होते, पण वैमानिकाने ते बंद ठेवले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ही गोष्ट लपविली नाही. तिला अपघाताच्या कारणांत स्थान दिले. पण मंडळाने हेही विचारले की ते बंद का होते? रेडिओसाठी बॅटरी वाचवावयाची होती म्हणून. आणि कायदा काय म्हणत होता? ग्लायडरना त्या यंत्राची सक्तीच नव्हती. शिवाय दोघे इतक्या वेगाने जवळ येत होते की नजरेने पाहून टाळावयास सवडच थोडी होती. तेव्हा २००८ साली मंडळाने ती सूट काढून टाकण्याची शिफारस केली. विमान अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा, दोष वाटणे हा नव्हे, हे आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या परिशिष्टात लिहून ठेवले आहे. आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर दोन विमाने आदळून ३४९ माणसे गेली. त्यानंतर टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र आपल्याकडे सक्तीचे झाले.

जिनातला तो तुटलेला शाफ्ट आम्ही हातात घेऊन पाहिला होता. तुटलेल्या तोंडाचा एक भाग काळपट, गुळगुळीत होता. नदी ओसरताना काठावर राहतात तशा बारीक रेषा त्यावर होत्या. उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत. भेग जुनी होती, थोडी थोडी वाढत आली होती, आणि उरलेले लोखंड त्या दिवशी तुटले, असा त्याचा अर्थ. तो अर्थ आम्हाला बारा वर्षांनी, वाचनालयातल्या एका अहवालातले चित्र पाहताना कळला. शाफ्ट तर सुनावणीच्या आधीच भंगारात विकला गेला होता.