मेंदूचे पाटकरी आणि चुकलेली ओळख

२०२५चा जानेवारी आठवतोय? पुण्यात सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे पेशंट वाढायला लागले आणि बारामती-इंदापूरहून तिकडे शिकायला गेलेल्या पोरापोरींना घरून रोज एकच फोन : ‘पाणी उकळून पितेस ना?’ संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. एनआयव्हीच्या तपासणीत काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. पण जुलाब करणारा जिवाणू पाय लुळे कसे पाडतो?

त्याआधी मेंदूची राखण कशी चालते ते बघू. मेंदू आणि मज्जारज्जू म्हणजे बंद वाडा, आत मायक्रोग्लिया नावाचे घरचे राखणदार आणि बाहेरच्या प्रतिकारक पेशींना नो एन्ट्री, असंच बरीच वर्षं शिकवलं जायचं. २०१५ मध्ये मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या असल्याचं संशोधकांनी दाखवलं आणि हे चित्र बदललं. आपल्या नीरा डाव्या कालव्यावरचा पाटकरी डोळ्यासमोर आणा. तो प्रत्येकाच्या उसात शिरत नाही. कडेनं चालत पाण्यावर नजर ठेवतो. प्रतिकारक पेशीही तशाच, आवरणात बसून मेंदूतून वाहत आलेलं पाणी तपासतात. त्यातला काही माल मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंतही जातो. गडबड दिसली की तिथून कुमक निघते.

जीबीएसमध्ये घोळ होतो तो ओळखीचा. या जिवाणूच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते. जिवाणूसाठी बनलेल्या अँटिबॉडी मग नसांनाच धरतात. मेंदू-मज्जारज्जूचा बंदोबस्त कडक असतो, त्यामुळे ते बहुधा वाचतात. नसा मज्जारज्जूतून बाहेर पडतात, तिथे मात्र पहारा ढिला. म्हणूनच पेशंटला सगळं ऐकू येतं, कळतं, पण हात उचलत नाही. मला तरी यातलं हेच सगळ्यात भीतीदायक वाटतं.

जुलाब झालेल्या प्रत्येकाला हे होत नाही, हजारात एखाद्याला होतं. पण पोट बिघडून गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत पायाला मुंग्या आल्या, होस्टेलचा जिना चढताना गुडघे दगा द्यायला लागले, तर ‘झोप झाली नसेल’ म्हणू नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. अशक्तपणा छातीपर्यंत चढला तर व्हेंटिलेटर लागतो. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलणं, हे दोन्ही उपाय पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर जास्त लागू पडतात. बरेच जण पुन्हा चालायला लागतात, पण त्याला महिने जातात.