चाकूच्या मुठीतले कापड

खिशातला चाकू घेताना गिऱ्हाईक पाते पाहते, धार अजमावते. मूठ कशाची, असे विचारलेच तर दुकानदार म्हणतो, "फायबर." या एका शब्दाखाली नाना जातीचा माल खपतो. आम्हा कापडवाल्यांनी तरी त्यात फसू नये. कारण यातला उत्तम माल मुळात कापडच आहे.

सुती कॅनव्हासचे किंवा लिननचे थर फिनॉलिक राळेत भिजवून, उष्णता व दाब देऊन घट्ट केले की मायकार्टा तयार होतो. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी तो विजेच्या कामासाठी काढला. आपल्याकडे कारखान्यांत याच जातीच्या पत्र्याला कापडी हायलम म्हणतात. त्याची दातेरी चाकेसुद्धा बनतात. मूठ घासली की थरांच्या रेषा लाकडाच्या नसांसारख्या उठतात. ओल्या हातातही पकड सुटत नाही. घाम आणि तेल पिऊन रंग काळवंडतो, ती खराबी नव्हे.

सुताच्या जागी काचेचे कापड आणि राळ इपॉक्सी घेतली की झाले जी-१०. ते पाणी जवळजवळ पीत नाही, फुगत नाही, सहसा तडकत नाही. मात्र कापताना उडणारी काचेची धूळ कारागिराच्या छातीत जाते. नाकावर चांगला मास्क आणि धूळ ओढणारा पंखा हवाच. भाव पाडण्यासाठी हा खर्च वाचवणे आम्ही नाजायज समजतो.

नायलॉनमध्ये काचेचे बारीक तंतू मिसळून साच्यात भरलेली मूठ हलकी व स्वस्त. खेळण्यासारखी वाटते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडते. पण पडली तरी ती सहज फुटत नाही. साधे ठिसूळ प्लास्टिक मात्र रिव्हेटपाशी चिरते, आणि विकले जाते त्याच 'फायबर' नावाने. थानाच्या किनारीवर ६५:३५ वाचल्याशिवाय आम्ही सौदा करत नाही. तसे चाकूच्या बिलावरही मुठीचा माल नावानिशी लिहून घ्यावा.

व्हिक्टोरिनॉक्सच्या ओळखीच्या लाल मुठी बहुतेक सेल्युलोज अ‍ॅसिटेट ब्युटिरेटच्या असतात. चकाकी झकास, पण ओरखडे लवकर पडतात. अ‍ॅसिटोन लागले तर विरघळते.

घरात आजोबांच्या वेळचा सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू असेल तर जपावे. सेल्युलोज, नायट्रिक आम्ल व कापूर यांचा हा माल जुना झाला की आम्लाची वाफ सोडतो. पाते गंजते, शेजारचे चाकूही गंजतात. सूत जाळून मिलावट ओळखायची आमची सवय इथे नको, भडका उडेल. तो चाकू बंद डबीत न ठेवता, इतरांपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा.